पहिल्या चालीला एकच घर

‘बचाव’ हा शब्दच मला लहानपणापासून पटला नाही. आमच्या कोल्हापुरात बचाव करणाऱ्याला विचारतंय कोण? भाजीवाल्याशी घासाघीस असो नाहीतर शेजारणीशी भांडण, आधी आवाज चढवायचा आणि मग मुद्दा शोधायचा. मी त्याच मातीची. बुद्धिबळात पांढऱ्या सोंगट्या मिळाल्या की माझा डाव बरा जायचा. काळ्या मिळाल्या की डोकं फिरायचं. दुसऱ्यानं आधी चाल करायची आणि आपण उत्तर द्यायचं, हेच सहन व्हायचं नाही. मग मी दुसऱ्या चालीपासून मारामारी सुरू करायचे आणि तासाभरात हरून, घड्याळावर हात आपटून उठायचे.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. आम्ही तेव्हा कळंब्याच्या रस्त्याला एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. अप्पांचं लक्ष्मीपुरीत शेतीपंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं, दादा उद्यमनगरात एका वर्कशॉपात सुपरवायझर होता. घर लिंगायत, मूळ सीमेकडचं; पण तीन पिढ्या इथं काढल्यावर घरात कन्नड उरलं होतं ते फक्त आकडे मोजायला आणि शिव्या द्यायला. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. लिहिताना मात्र शाळेनं लावलेली ‘आले, गेले’ सुटत नाही, तेवढं चालवून घ्या.

दरवर्षी जिल्ह्याची निवड स्पर्धा व्हायची. मुली-बायकांच्या गटातून दोघी राज्याला जायच्या. मी सलग तीन वर्षं तिसरी-चौथी येत होते, आणि दरवेळी घात व्हायचा तो काळ्या सोंगट्यांनीच. चौथ्या वर्षी अप्पांनी जेवताना शांतपणे सांगून टाकलं, “यंदाचं शेवटचं. निवड झाली तर पुढचं बघू. न्हाई झाली तर पट गुंडाळायचा आणि बी.एड.चं बघायचं.” अप्पा ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. शांतपणे बोलले म्हणून मी ‘बरं’ म्हणाले.

मी ज्या मंडळात खेळायला जायचे तिथल्या सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, “काळ्यानं खेळताना तुला थंड औषध पाहिजे. फ्रेंच बचाव खेळ.” आणि झेरॉक्सचा एक गठ्ठा हातात ठेवला. नुसत्या चाली. त्यांनी हे केलं की आपण ते करायचं, त्यांनी ते केलं की आपण हे.

फ्रेंच बचाव म्हणजे काय, ते सांगते; घाबरू नका, सोपं आहे. पांढरा पहिल्या चालीला राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकतो. काळ्यानं आपलं राजापुढचं प्यादं एकच घर सरकवायचं. पुढच्या चालीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकून पांढऱ्याला भिडायचं. पांढरा बहुतेक वेळा आपलं प्यादं आणखी पुढं रेटतो आणि पटाच्या मधोमध ठाण मांडतो. काळ्याची सगळी मंडळी मागं दाटीवाटीनं उभी. एक उंट तर आपल्याच प्याद्यांच्या मागं कोंडलेला. हे बघून माझा जीव गुदमरायचा. पण सर म्हणाले म्हणून मी त्या चाली पाढ्यांसारख्या पाठ केल्या. समोरची पोरगी पाठातलं खेळली की मी बरी असायचे. तिनं एक चाल वेगळी केली, की झालं! पाढा विसरलेल्या पोरासारखी मी नुसती पटाकडं बघत बसायचे.

त्याच वर्षी दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली.

वहिनी निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. मराठी बोलायची, पण गडबडली की कन्नड बाहेर पडायचं. सासरी आल्यावर दोन-तीन आठवडे ती कुणाशी फार बोलली नाही. एक दिवस दुपारी मी माजघरात पट मांडून झेरॉक्सचे कागद घोकत होते. ती निवडायला मेथी घेऊन समोर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “वन्सं, हे आमच्याकडंबी हाय. अज्जानं शिकवलंय मला.” अज्जा म्हणजे तिचे आजोबा.

“मग बसा की, वैनी,” मी म्हटलं. मला काय, गिऱ्हाईक मिळालं.

तिला येत होता तो देशी डाव. त्यात प्यादं पहिल्यांदाही एकच घर जातं. किल्लेकोट नाही, म्हणजे राजा आणि हत्ती यांची ती एका चालीतली अदलाबदल नाही. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, शह बसायच्या आत. मी तिला आपले नियम शिकवले. ती पटकन शिकली. पण प्यादं पहिल्या चालीला दोन घरं टाकायला तिचा हात धजेना.

“एकदम दोन घरं?” ती म्हणायची. “बाहेर कोण हाय, काय हाय, बघायला नको? उंबऱ्यातनं थेट चौकात उडी कोण मारतंय?”

आणि काळ्या सोंगट्यांनी खेळताना ती दरवेळी राजापुढचं प्यादं एकच घर सरकवायची. मी हसत सुटले. “वैनी, ह्याला फ्रेंच म्हणतात. मोठमोठी माणसं खेळतात.”

“फ्रेंच कशाला? आमच्या अज्जाचा डाव हाय ह्यो,” ती मेथीच्या काड्या बाजूला टाकत म्हणाली.

तिथून आमच्या दुपारी सुरू झाल्या. आई शेजारी भजनाला गेली की पट बाहेर यायचा. मी तिला रोज हरवायचे, ते सोडा. पण खेळून झालं की मी कागदातल्या चाली मांडून दाखवायचे, आणि ती प्रत्येक चालीला एकच विचारायची, “याक?” कन्नडमध्ये याक म्हणजे का.

“पांढरा पुढं आला की आपण उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकायचं, त्याच्या वजिराकडच्या प्याद्यावर,” मी सांगितलं. आता तिला दोन घरांचं एवढं भय राहिलं नव्हतं. बाहेर कोण आहे ते दिसल्यावर ती खुशाल दोन घरं जायची.

“याक? जे प्यादं छाताडावर येऊन बसलंय, त्याला सोडून मागच्याला का मारायचं?”

“पुस्तकात आहे म्हणून.”

“पुस्तकात असंल की. पण याक?”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काय बाई आहे! दोन महिने मी हे घोकत होते, मला कधी हा प्रश्न पडला नाही, हिला कसा पडतो? मी पट ढकलून आत गेले. रात्री जेवले नाही. खरं तर तिच्यावर नव्हे, माझ्यावरच चिडले होते. उत्तर येत नव्हतं ना!

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. कोपऱ्यात आईची पितळी डब्यांची उतरंड होती. मोठा डबा खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. वहिनीला तळातल्या डब्यातले पोहे हवे होते. ती वरचे डबे एकेक उतरवत होती. एकदम थांबली आणि माझ्याकडं वळली. “वन्सं, ते मधलं प्यादं कुणाच्या जिवावर उभं हाय?”

मी पाण्याचा तांब्या तसाच ठेवला आणि पट आणला. पांढऱ्याचं छाताडावर आलेलं प्यादं तिरकं मागच्या प्याद्यावर टेकलेलं. ते मागचं त्याच्या मागच्यावर. उतरंडच ती, फक्त आडवी. वरचा डबा ढकलून काय होणार? तो नुसता पडेल, बाकीचे राहतील. तळचा हलवला की सगळीच खाली येते. म्हणून उंटापुढचं प्यादं तिथं मारायचं. म्हणून घोडा तिथं रोखायचा, वजीर तिथं उभा करायचा. कागदावरच्या दहा-बारा चाली, ज्या मी वेगवेगळ्या पाठ केल्या होत्या, त्या सगळ्या एकाच खालच्या डब्याकडं बघत होत्या!

“अगं बया!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, काय झालं बघायला.

त्या दिवशी मला बचाव म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. मला वाटायचं बचाव म्हणजे भिऊन मागं बसणं. छे! समोरच्याला पुढं येऊ द्यायचं, त्याला मोठं होऊ द्यायचं, आणि तो जितका पुढं येईल तितका त्याचा खालचा डबा उघडा पडतो, तो बघत बसायचं. ह्यात भिण्यासारखं काय आहे? उलट माझ्यासारख्या आल्या-आल्या भांडणाऱ्या बाईला हे जमवायला जास्त छाती लागते.

मग आम्हाला नादच लागला. राहिला होता तो कोंडलेला उंट. मी म्हणायचे, हा उंट म्हणजे नुसती अडगळ. वहिनी म्हणाली, “ह्यो उंट म्हंजे आमचे हे.” दादाला रविवारी पेपर घेऊन बरोबर स्वयंपाकघराच्या दारात आडवं व्हायची सवय होती, जाणाऱ्या-येणाऱ्यानं त्याला ओलांडूनच जायचं. “पण दारात झोपलेला माणूस असला की चोर येत न्हाई,” ती पुढं म्हणाली. “त्याला उठवायची घाई करू नका. सगळं आवरलं की बाजूच्या वाटेनं बाहेर काढायचा, आणि त्यांच्या चांगल्यातल्या चांगल्या मोहऱ्याला भिडवायचा.” दादा दारातनंच ओरडला, “माझं नाव कशाला निघालंय तिथं?” आम्ही दोघी हसून-हसून कोलमडलो. पण ते खरंच होतं. फ्रेंच खेळणाऱ्यानं त्या उंटाला शिव्या देऊ नयेत. मधली प्यादी तोच धरून उभा असतो.

मंडळातली पोरं म्हणायला लागली, हिच्या डोक्याला काय झालं, ही आता थांबून खेळती. सरांनी विचारलं, कुणाकडं शिकतेस? मी म्हटलं, वहिनीकडं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

निवड स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. लग्नाचा मोसम नव्हता म्हणून स्वस्तात मिळालं असावं. भिंतीला कुठल्यातरी लग्नाच्या वाळक्या झेंडूच्या माळा अजून लटकत होत्या. अप्पा मला एकटीला दिवसभर सोडायला तयार नव्हते, म्हणून वहिनीला सोबत पाठवलं. पहिल्या दिवशी पंचांनी मोजलं तर मुली विषम निघाल्या. दर फेरीला एकीला रिकामं बसायला लागणार. ते वहिनीकडं वळून म्हणाले, “ताई, तुम्हाला येतं का? मग नाव द्या की. नुसत्या बसून काय करताय?”

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “द्या की वैनी. मजा येईल.”

मजाच आली. रोज मी जिंकायचे आणि मान वर करून बघायचे, तर पलीकडच्या टेबलावर वहिनी पदर खोचून बसलेली, आणि समोरची पोरगी रडकुंडीला आलेली. तिचा एकच डाव. एक घर पुढं, वाट बघणं, खालचा डबा. शेवटच्या फेरीच्या आधी इचलकरंजीच्या एका पोरीनं एक जागा पक्की केली. दुसऱ्या जागेसाठी दोघींचे गुण सारखे होते. एक मी. दुसरी वहिनी. आणि शेवटच्या फेरीला आमचाच डाव लागला.

पंचांनी स्पष्ट सांगितलं, जी जिंकेल ती जाणार. बरोबरी झाली तर दोघी राहिल्या, मागची एक पुढं येणार.

घरी सगळे धरूनच चालले होते की माझं काम झालं. आईनं तर सकाळी वहिनीच्या हातावर साखर ठेवताना सांगितलं, “बघ हं, तिचं शेवटचं वर्ष हाय.” वहिनी मान हलवून ‘व्हय’ म्हणाली. मी ऐकलं आणि लुना काढायला खाली गेले. घरी रोज तिला हरवत होते. मला तिच्या दयेची गरज आहे, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मला पांढऱ्या मिळाल्या. मी प्यादं दोन घरं टाकलं. वहिनीनं एक घर सरकवलं. आम्ही दोघीही हसलो, पंचांनी डोळे वटारले. मी प्यादं रेटून छाताडावर बसवलं आणि उजव्या बाजूनं वजीर, घोडा, जे मिळेल ते तिच्या राजाकडं लोटायला लागले. जुना स्वभाव. ती डबे मोजत बसली होती, मला ते दिसत होतं. पण माझ्या हिशेबानं तिला वेळच मिळणार नव्हता.

मी वजीर आणखी जवळ नेला. वहिनी गडबडली. ओठातल्या ओठात कन्नड पुटपुटली. राजा उचलला आणि घोड्यासारखी उडी मारून अडीच घरांवर ठेवला, उंटापुढच्या रिकाम्या घरात. अज्जाचा डाव! भीतीच्या भरात हात लहानपणीच्या गावाला गेला.

मी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगते. दया आली नाही. दुसरी कुणी असती तर मी हात वर केलाच असता, मग वहिनीसाठी का नाही? पंच आले. मी म्हटलं, “राजा घोड्यासारखा नेलाय. चाल परत घ्यायला सांगा. आणि राजाला हात लावलाय, तर राजाच हलवायला पाहिजे.” वहिनीचा चेहरा उतरला. पंचांनी तिला समजावलं: ही उडी इथं चालत नाही, राजा जागेवर ठेवा, आणि हात लावलाय तर नियमात बसेल तशी त्याचीच चाल करा. म्हणजे किल्लेकोटही गेला.

मी खुर्चीत मागं टेकले. संपला डाव, म्हटलं.

वहिनीनं राजा परत जागेवर ठेवला. मग तिनं माझ्याकडं बघितलं, एक क्षणच, पण तसं तिनं कधी बघितलं नव्हतं. पदर घट्ट खोचला. राजा एक घर बाजूला, माझ्या डावीकडं नेला. पुढच्या चालीला आणखी एक घर, तिरका. ज्या घरात तिला एका उडीत जायचं होतं, तिथं तो दोन पावलांत चालत गेला. तिसऱ्या पावलाला आणखी कोपऱ्यात.

आणि मला कळेना, मी आता कुणावर हल्ला करतेय? माझी सगळी फौज उजवीकडं, आणि राजा डावीकडं निघून गेलेला. मधून तिकडं वळायला वाट नाही. मधे प्यादी एकमेकांत अडकलेली. मीच अडकवलेली! फ्रेंच बचावात किल्लेकोट न करताही राजा का टिकतो, ते कुठल्याच झेरॉक्समध्ये नव्हतं. मधलं दार बंद असलं की घरातला माणूस सावकाश चालला तरी चालतं. हे तिला माहीत होतं, कारण तिच्या अज्जाच्या डावात राजा आयुष्यभर असाच पायी फिरला होता.

मग तिनं तळचा डबा हलवला. एक प्यादं गेलं, त्यावरचं लटकलं, छाताडावरचं आपोआप पडलं. शेवटी तो कोंडलेला उंट बाजूच्या वाटेनं बाहेर आला आणि माझ्या राजाची वाट धरून बसला. मला पुढचं सगळं दिसत होतं, कारण तो डाव आम्ही दोघींनीच मेथी निवडता-निवडता शोधला होता. मी राजा आडवा केला आणि हात पुढं केला.

लुनावरनं घरी येताना ती मागं बसून रडत होती. मी रडले नाही. रस्त्यात एक म्हैस आडवी आली, तिला मी ज्या शिव्या दिल्या त्या म्हशीसाठी नव्हत्या.

घरी आईनं आकाशपाताळ एक केलं. “सुनंनं नणंदंची जागा घेतली!” शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी त्याहून मोठ्यानं म्हटलं, “घेतली न्हाय, जिंकली!” दादानं पेपर तोंडापुढं धरला. अप्पांनी नुसतं विचारलं, “म्हंजे राज्याला आता ही जाणार?” आणि उठून हात धुवायला गेले.

संध्याकाळी वहिनी काटवटीत पीठ घेऊन बसली होती. मी शेजारी बसले. ती खाली बघूनच म्हणाली, “वन्सं, मी उद्या आजारी पडतो. मागची ती पोरगीबी आज हरली, मग तुमचंच नाव लागंल. पंचांना विचारलंय मी. तुम्ही जावा.”

“काय म्हणालात?”

“तुमचं शेवटचं वर्ष हाय. मला काय, मी सोबत म्हणून आलतो. आणि आज मी हरायलाच पायजे होतं. ह्यांनी लग्न झाल्या-झाल्या सांगितलंतं, तिच्याशी खेळशील तर हरत जा. घरात सगळीच हरत्यात. न्हाईतर पट फेकती, दोन-दोन दिवस जेवत न्हाई.”

दादा. अप्पा. सुट्टीला येणारे काका. लहानपणापासून मी ज्यांना-ज्यांना घरात हरवलं होतं ते सगळे माझ्या डोळ्यांसमोर ओळीनं उभे राहिले. आणि एवढ्या दुपारी!

“तुम्हीपण?” मी विचारलं.

“रोज,” ती म्हणाली. “आजबी हरायचंच ठरवून बसलतो. पण तुम्ही हात वर केला. राजाच हलवा म्हणाला. सगळ्यांसमोर. तवा मला वाटलं, ह्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मला खेळणारी समजून खेळतंय. पाव्हणी न्हाई, सून न्हाई. मग मी खोटं कसं खेळू, सांगा की.”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम. मी तिच्या पिठाच्या हाताला धरलं. “वैनी, माझ्याशी घरातल्यांचा आजपर्यंत एकच डाव खरा झालाय. तो तुम्ही आजारी पडून खोटा करू नका. पाया पडतो तुमच्या.”

तिनं हात सोडवून पिठावर पाणी शिंपडलं. मग नाक ओढून म्हणाली, “मग आठवडाभर भाकरी कोण करणार?”

“मी.”

“तुम्ही?” आणि रडता-रडता ती जी हसायला लागली, ती थांबेचना.

ती गेली. दादा सोबत गेला. तिथं तिनं काही डाव जिंकले, बरेच हरली, आणि आल्यावर आठ दिवस सगळ्या गल्लीला त्याच गोष्टी सांगितल्या. अप्पांनी शब्द फिरवला नाही आणि मीही भांडले नाही. माझ्या स्पर्धा तिथं संपल्या. बी.एड. झालं, शाळेत नोकरी लागली. पुढं दोन हजार सालानंतर आम्ही दोघींनी घराच्या गच्चीवर पोरांचा वर्ग सुरू केला. मी चाली सांगते, वहिनी ‘याक’ विचारते. जे पोरगं उत्तर देतं ते पुढं जातं. माझ्या हातून जे काही बरं शिकवणं झालं, जी काही थोडी थांबायची अक्कल आली, ती तिची देणगी आहे. तिला असं म्हटलं की ती म्हणते, “जावा तिकडं, कामं पडलीत.”

पण मला सांगायचंय ते तिच्या गैरहजेरीतल्या पहिल्या दिवसाचं. आईचं डोकं अजून फिरलेलंच होतं. ती चुलीकडं फिरकली नाही. मी शाळूचं पीठ मळलं. थापताना भाकरी दोनदा फाटली, तिसऱ्यांदा कशीबशी तव्यावर गेली. पापुद्रा काही सुटला नाही. अप्पा दुकानातनं येऊन ताटावर बसले. शेंगांची चटणी, दही आणि ती माझी भाकरी. त्यांनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि सवयीनं म्हणाले, “वा! झक्कास झालीया.”

मी उलथनं हातात धरून तशीच उभी राहिले. “अप्पा,” मी म्हटलं, “खरं सांगा.”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ चावत राहिले. आई दारात येऊन उभी राहिली.

“कच्ची हाय,” अप्पा म्हणाले. “मधे पीठच लागतंय.”

मी ती त्यांच्या ताटातनं उचलली आणि परत तव्यावर टाकली. इतकं बरं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं.